माकड मेलं तर फोन कुणाला करायचा?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात फेब्रुवारी लागला की उजाडायच्या आत माणसं काजूच्या बागांत पोचतात. रात्रीत गळलेली बोंडं गोळा करायची, बी पिरगळून वेगळी काढायची आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचं. पायाखाली वाळलेल्या पानांचा थर असतो, चालताना करकर वाजतो. अशाच एखाद्या सकाळी बागेच्या कडेला माकड मरून पडलेलं दिसतं. पूर्वी अशा वेळी कुणी ते काठीने बाजूला सारायचं, कुणी खड्डा काढून पुरायचं, मारुतीचं रूप म्हणून कुणी हळद-कुंकू वाहायचं. आणि मग सगळे पुन्हा कामाला लागायचे.

आता तसं चालत नाही. २०१६ सालापासून तिथल्या लोकांना कळून चुकलंय की मेलेलं माकड ही बातमी असते. ती वेळेवर योग्य जागी पोचली, तर त्याच वाडीतला कुणी पुढच्या आठवड्यात तापाने फणफणून दवाखान्यात दाखल व्हायचं टळू शकतं. पण पोचवायची कुणाला? माकड वन्यप्राणी, म्हणजे वनखातं. ते कशाने मेलं हे कापून बघायचं तर पशुवैद्यकीय डॉक्टर. त्याचा रोग माणसाला होतो, म्हणून आरोग्य खातं. आजूबाजूला पावडर मारायची, दवंडी द्यायची, म्हणजे ग्रामपंचायत. माकड एक आणि दारं चार.

ही चार दारं एकाच अंगणात उघडावीत म्हणून देशपातळीवर जी आखणी चालू आहे, तिला ‘वन हेल्थ’ म्हणतात. मराठीत ‘एक आरोग्य’. देवनागरीत ‘वन हेल्थ’ वाचलं की आधी जंगलच डोळ्यासमोर येतं, आणि तो अर्थही अगदी सोडून देण्यासारखा नाही. माणसाचं, जनावराचं आणि भोवतालच्या जमीन-पाणी-जंगलाचं आरोग्य एकमेकांत गुंतलेलं आहे, तेव्हा त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावं, एवढीच कल्पना. सांगायला ती दोन ओळींत संपते. अमलात आणताना काय काय आडवं येतं, हे दोडामार्गातल्या या तापावरून, म्हणजे माकडतापावरून, चांगलं समजतं.

माकडतापाचं मूळ नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलालगत माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने पडायला लागली. तपासाला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं गेली. आज आपण त्या संस्थेला एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणतो. आधी शंका पीतज्वराची आली, कारण त्या रोगातही माकडं मरतात. निघाला वेगळाच विषाणू, रशियात गोचिडांमधून पसरणाऱ्या तापांच्या विषाणूंचा भाऊबंद. मग तो इथवर आला कसा? उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तर नाही? या प्रश्नापोटी मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यासाच्या संस्थेत पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला, पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा माग काढण्याच्या कामाला, जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. एका तापाच्या मागे डॉक्टर, कीटकतज्ज्ञ आणि पक्षीशास्त्रज्ञ असे सगळे लागले होते, आणि ‘वन हेल्थ’ हा शब्द तेव्हा कुणी उच्चारलाही नव्हता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एकत्र काम करणं आपल्याकडे कधी झालंच नाही, असं नाही. ते टिकून राहिलं नाही.

विषाणूचा मुक्काम गोचिडांत असतो. उंदीर-घुशीसारखे छोटे प्राणी त्याला जंगलात जगवत ठेवतात. गोचिडीचं पिल्लू तिळाएवढं असतं. चावलं तरी कळत नाही, आणि ही पिल्लं साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत पाचोळ्यात भरपूर असतात. नेमका हाच काजूचा हंगाम, जळणासाठी लाकूड-फाटा आणायचा हंगाम, गोठ्यासाठी आणि भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, पातेरा (वाळकी पानं) गोळा करायचा हंगाम. माकडाला लागण झाली की ते बहुधा मरतं, आणि मेलं की त्याच्या अंगावरची शेकडो गोचिडं थंड झालेलं शरीर सोडून जमिनीवर उतरतात. त्या जागेभोवतीचा पाचोळा मग विषाणूचं भांडार होतो. म्हणून माकड सापडलं की त्याच्या भोवतालच्या जागेत गोचीडनाशक पावडर मारायची, असा नियम आहे. गाई-म्हशी या तापाने आजारी पडत नाहीत, पण रानात चरून येताना त्या गोचिडं घरापर्यंत घेऊन येतात. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही. पण ज्याला होतो त्याला मोठा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगातलं त्राण जाणं, कधी हिरड्या-नाकातून रक्त. शंभरातले तीन ते पाच दगावतात.

शिमोग्यातून हा ताप सह्याद्रीच्या कडेकडेने सरकत आला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात, २०१६ साली दोडामार्गात केर या गावी, पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात. तीन राज्यं, एक जंगल. विषाणूला गोव्याच्या हद्दीवरचा सातार्ड्याचा नाका लागत नाही, पण सरकारी कागदाला लागतो.

आता या साखळीत कुणाला काय दिसतं ते बघा. माकड आधी दिसतं वनरक्षकाला किंवा बागायतदाराला. वाडीत कुणाकुणाला ताप आहे ते आशाताईच्या वहीत असतं. कुठल्या गोठ्यात गोचिडं वाढली आहेत ते पशुधन पर्यवेक्षकाला माहीत असतं. यंदा जंगलात कुठे तोड झाली, कुठे रबराची किंवा अननसाची नवी लागवड झाली, ते तलाठ्याला आणि गावाला माहीत असतं. चौघेही आपापल्या साहेबाला आपापल्या नमुन्यात माहिती पाठवतात. ती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, मुंबईला जाते. फक्त एकमेकांकडे जात नाही. माकड सोमवारी पडलेलं असतं आणि आरोग्य केंद्रात पहिला रुग्ण पुढच्या बुधवारी येतो, तेव्हा डॉक्टर मलेरिया, डेंगी, लेप्टो यांच्या तपासण्यांत गुंतलेले असतात. मधले आठ-दहा दिवस, ज्यांत काही करता आलं असतं, ते निघून गेलेले असतात.

माझ्या मते सगळ्या राष्ट्रीय आखणीचं मर्म या आठ-दहा दिवसांत आहे. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला हे कळत होतं. प्लेगच्या काळात ‘उंदीर पडायला लागले’ एवढं ऐकलं की अख्खं गाव घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहायला जायचं. उंदीर आधी पडतात आणि मग माणसं, हे अनुभवाने शिकलेलं शहाणपण होतं. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. तो कायदा आपण कोविडपर्यंत वापरला. त्याचा सगळा रोख माणसांवर: कुणाला अडवायचं, कुणाला कोंडायचं. उंदीर पडल्याची बातमी कुणी कुणाला द्यायची, याची काही व्यवस्था त्यात नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी वेगळा कायदा आहे, २००९ सालचा. वन्यप्राण्यांचा आणखी वेगळा, १९७२ चा.

घटनेतही वाटणी अशीच. सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे. जनावरांचे रोग आणि पशुवैद्यकही राज्यांकडे. जंगल १९७६ सालच्या दुरुस्तीपासून केंद्र आणि राज्य दोघांकडे. पण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांच्या यादीत, एकोणतिसाव्या क्रमांकावर एक नोंद आहे, ती मला पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबून पुन्हा वाचावीशी वाटली. माणसं, जनावरं किंवा वनस्पती यांना होणारे सांसर्गिक रोग आणि कीड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणं, असा तिचा अर्थ. माणूस, जनावर आणि झाड यांची नावं घटनाकारांनी एका ओळीत ठेवली होती. दिल्लीला या विषयात हात घालायचा तर ती ओळ पुरेशी आहे.

तो हात गेल्या काही वर्षांत घातला गेला. जगात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न, आरोग्य आणि पर्यावरण संघटना आणि जागतिक प्राणी आरोग्य संघटना या चौघींनी मिळून २०२२ साली संयुक्त कृती आराखडा काढला. आपल्याकडे त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने राष्ट्रीय वन हेल्थ मिशनला संमती दिली. आरोग्य, पशुसंवर्धन, पर्यावरण, कृषी संशोधन, संरक्षण संशोधन, जैवतंत्रज्ञान अशी डझनाहून जास्त खाती त्यात आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या संचालकाचं पद मंजूर केलं. मिशनचं नेतृत्व या संचालकाने करायचं आहे. म्हणजे या कामाचं मुख्य ठाणं विदर्भात असणार. ही जागा चपखल आहे, कारण नागपूरच्या चारी बाजूंना वाघांची जंगलं आहेत, पशुवैद्यकाचं विद्यापीठ तिथे आहे, आणि ते देशाच्या साधारण मध्यावर आहे.

मिशनमध्ये काय काय आहे? धोकादायक जंतू हाताळू शकणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळं, मग त्या माणसांच्या रोगांच्या असोत की जनावरांच्या. अशी सर्वांत कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा पुण्यात एनआयव्हीकडे २०१२ पासून आहे, जनावरांच्या रोगांसाठीची कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा भोपाळला आहे. गाडीवर बसवलेली, साथीच्या जागी नेता येणारी प्रयोगशाळाही आपण बनवली आहे. ती फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला सुरू झाली. शिवाय रोगांवर एकत्र पाळत, लशी-औषधांवर एकत्र संशोधन, आणि साथ आलीच तर कुणी काय करायचं याची तालीम. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानात अजमेरला अशी एक तालीम झाली, ‘विषाणू युद्ध अभ्यास’ नावाची. खोटी साथ उभी केली आणि माणसांचे डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर, वनखातं अशा सगळ्यांना मैदानात उतरवलं. कोण कुणाला किती वेळात कळवतं, नमुना कोण घेतं, निर्णय कोण करतं, हे बघण्यासाठी. अग्निशमन दल जसं शाळेत येऊन सराव करून घेतं तसंच. मला या सगळ्यात तालीम सर्वांत महत्त्वाची वाटते. वनाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी एकमेकांचा फोन नंबर पहिल्यांदा साथ आल्यावर शोधायचा नसतो.

पशुसंवर्धनाच्या बाजूने आणखी एक प्रकल्प चालू आहे, जागतिक बँकेच्या मदतीचा, २०२३ साली सुरू झालेला. १,२२८ कोटी ७० लाखांचा, पाच राज्यांसाठी, आणि त्यांत महाराष्ट्र आहे. जिल्ह्यातल्या रोगनिदान प्रयोगशाळा सुधारणं आणि पशुवैद्यकांना शिकवणं हा त्याचा गाभा. बातमीत याला दोन ओळी मिळतात. पण तालुक्याच्या गावी गाय गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, आणि रक्ताचा नमुना चार दिवसांत तपासून आला, तर तो या कामाचा परिणाम असेल.

गाय गाभडण्याचा उल्लेख उगाच केला नाही. आमच्या मामांच्या गोठ्यातली एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती. मामांनी नेहमीप्रमाणे शर्टाची बाही वर केली, हाताला गोडेतेल लावलं आणि ती ओढून काढली. हातमोजा नव्हता, बोटाला विळ्याने कापलेलं होतं. महिनाभराने त्यांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घाम फुटून अंथरूण ओलं व्हायचं, सकाळी बरं वाटायचं. कंबर आणि गुडघे धरले. टायफॉइड म्हणून औषधं झाली, मग क्षयाची शंका आली, छातीचे फोटो निघाले. चार महिने गेले, माणूस निम्मा झाला. शेवटी एका तरुण डॉक्टरने विचारलं, “मामा, घरी जनावरं आहेत का? एवढ्यात कुठली गाभडली होती का?” मामी दारात उभी होती, ती म्हणाली, “अगंबाई, हो की!” रक्त तपासलं, ब्रुसेला निघाला. सहा आठवड्यांच्या गोळ्यांनी ताप गेला. गुडघे अजून कुरकुरतात.

ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांचा सांसर्गिक गर्भपात. त्यावर लस आहे: चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला आयुष्यात एकदाच टोचायची. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती आणि लाळ्या-खुरकुताची लस मोफत दिली जाते. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये ठरवले होते. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो ना, बारा आकड्यांचा, तो याच नोंदींसाठी. बिल्ल्यामुळे गाय कुणाची, लस झाली की नाही, हे कळतं. पण त्या गाईचं दूध काढणाऱ्या माणसाच्या केसपेपरशी बिल्ल्याचं काही नातं नाही. ‘घरी जनावरं आहेत का?’ हा प्रश्न सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर छापून टाकला, तर मला वाटतं कोट्यवधींच्या यंत्रणेइतकाच उपयोग होईल. खर्च शाईचा.

आता अशी एक गोष्ट जी कुणीच आखली नव्हती. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं साधं औषध. ते स्वस्त झालं आणि गाई-बैलांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. लंगडणाऱ्या बैलाला आराम पडायचा, शेतकरी खूश. पण औषध टोचल्यावर लगेच मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. नव्वदच्या दशकात देशातली गिधाडं दिसेनाशी झाली, काही जाती नव्व्याण्णव टक्क्यांपर्यंत संपल्या. कारण कळायला २००४ साल उजाडलं. बंदी २००६ साली आली. तोवर गावाबाहेरच्या हाडकीवर, म्हणजे मेलेली जनावरं टाकायच्या जागी, गिधाडांऐवजी कुत्री जमली होती. एका जनावराचा सांगाडा गिधाडांचा थवा तासाभरात लख्ख करायचा. कुत्र्यांना ते जमत नाही, ती मांस अर्धवट सोडतात, सडू देतात, आणि चावतात. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाला आपल्या दख्म्यांसाठी, म्हणजे प्रेतं गिधाडांसाठी ठेवायच्या जागांसाठी, सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली असावीत. हा अंदाज आहे, पण आकडा निम्मा धरला तरी अंगावर येतो. औषधाला परवानगी देणाऱ्या टेबलावर पक्ष्यांचं जाणणारा एकही माणूस बसलेला नव्हता, ही या सगळ्याची सुरुवात.

त्यातून आपण काही शिकलो. २०२३ साली किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक ही गिधाडांना घातक ठरणारी औषधं जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध आहे. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला, नाशिक आणि गडचिरोलीच्या काही गावांत लोक गिधाडांसाठी राखून ठेवलेल्या जागी मेलेली जनावरं टाकतात. त्या गावांतली माणसं स्वतःच्या आरोग्याचंच काम करत आहेत.

कुत्र्यांवरून गोव्याकडे वळतो, कारण तिथे काम झालेलं दिसतं. रेबीज झाला की वाचणं जवळपास अशक्य. चावल्यावर माणसाला लस देणं आवश्यकच, पण त्याने कुत्र्यांतला रेबीज कमी होत नाही. चावणारं कुत्रं उद्याही असतंच. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर मात्र विषाणूला पुढे सरकायला कुत्रं सापडत नाही. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्री पकडली, टोचली, अंगावर रंगाची खूण केली, फोनवर जागेची नोंद केली, शाळांत मुलांना शिकवलं. २०१८ पासून सलग तीन वर्षं राज्यात रेबीजने माणूस दगावला नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी देशाचा आराखडा आला: कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा.

मग सगळीकडे हे का होत नाही? अडतं ते खिशावर. कुत्र्याला टोचण्याचा खर्च नगरपालिकेचा किंवा पशुसंवर्धनाचा. त्यातून वाचतो पैसा आरोग्य खात्याचा, जो चावलेल्या माणसांच्या इंजेक्शनांवर जातो. आपल्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशाची बचत करायला कुठलंही खातं धावत नाही, आणि त्यात कुणी वाईट आहे असंही नाही. हिशेब तपासणारा त्यांना त्यांच्याच खर्चाचं विचारतो. म्हणून खऱ्या एकत्र आखणीत बैठकीपेक्षा सामायिक पैसा महत्त्वाचा. जिल्हा नियोजनात माणूस-जनावर-जंगल या तिघांसाठी एकच लेखाशीर्ष असेल, तरच दोडामार्गच्या पशुवैद्यकाला माकड कापण्यासाठी लागणारा संरक्षक पोशाख कुणाच्या बजेटातून, हा प्रश्न उरणार नाही.

शेतकऱ्याच्या खिशाचंही तसंच. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पोल्ट्रीत पक्षी मरू लागले आणि कळवलं तर उरलेलं सगळं मारलं जाणार, हे मालकाला ठाऊक असतं. भरपाई पुरेशी आणि लवकर मिळाली नाही, तर तो गुपचूप आहे तो माल विकून टाकेल. त्याला दोष देऊन काही साधत नाही. रोगाची खबर देणाऱ्याचं नुकसान झालं नाही पाहिजे, हे आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवं.

आणि तोच विषाणू परत आला, नागपुरातच. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या तपासणीत एच५एन१ निघाला. शंका त्यांना खायला दिलेल्या कोंबडीवर घेतली गेली. कोंबडी पशुसंवर्धनाची, वाघ वनखात्याचा, पिंजरा झाडणारा कामगार आरोग्य खात्याचा. ज्या शहरात वन हेल्थची राष्ट्रीय संस्था उभी राहते आहे, तिथेच तिच्यापुढचं काम येऊन उभं राहिलं.

तिघांतला सर्वांत कच्चा दुवा मात्र पर्यावरणाचा. डॉक्टर तालुक्याला असतो, पशुवैद्यकही असतो. ओढ्याचा, विहिरीचा, सांडपाण्याचा डॉक्टर कोण? जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत माणसांचे हातपाय अचानक लुळे पडू लागले. गिलन बारे सिंड्रोम. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला, हा जंतू एरवी कोंबड्यांच्या आतड्यात राहतो आणि दूषित पाण्यातून, कच्च्या मांसातून माणसात येतो. पाणी महापालिकेचं, पोल्ट्री पशुसंवर्धनाची, ओढा आणखी कुणाचा. पहिली खबर दिली ती पेशंटच्या लुळ्या पायांनी. पाण्याची नियमित तपासणी ही पाळतीतली पहिली पायरी असायला हवी होती.

प्रतिजैविकांचंही असंच आहे. म्हशीला दगडी झाली, म्हणजे कास सुजली, की कासेत औषधाची ट्यूब चढवतात, आणि पुढचे काही दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. गरिबाच्या घरी ते पाळणं जड जातं. औषधाचा अंश दुधातून, शेणातून, मातीतून फिरत राहतो आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचं हत्यार मानलं जाणारं औषध कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात घातलं जात होतं. २०१९ साली ते बंद झालं. यासाठीचा राष्ट्रीय आराखडा २०१७ साली आला, आता त्याची दुसरी आवृत्ती चालू आहे. त्यातही तीच गाठ: औषध दुकानदार, पशुवैद्यक, डेअरी आणि सांडपाणी यांना एका दोरीत ओवायचं.

सिंधुदुर्गात, सत्तरीत किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी शेवटी थोडं कामाचं. माकड मरून पडलेलं दिसलं तर हात लावू नका, काठीनेही हलवू नका, पुरू नका. दुरून जागेची खूण करा आणि मुलांना, गुरांना तिकडे जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात वनखात्याचा नंबर १९२६, जनावरांच्या दवाखान्याचा १९६२, आरोग्य सल्ल्याचा १०४. अजून एकच नंबर नाही, तोवर निदान आशाताई आणि वनरक्षक दोघांनाही कळवा. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड न लागण्याचं तेल हातापायांना लावा, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, गुडघ्यांमागची जागा, केस नीट तपासा. आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा, की बागेत माकड मेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.